कांदा चाळीतले नोंदयंत्र: एप्रिल ते जुलै २०२४ च्या प्रकल्प नोंदी

जागा: निफाड तालुक्यातली दुपाखी चाळ. लांबी ४० फूट, दोन्ही बाजूंना ४ फूट रुंदीचे कप्पे, मधे ५ फुटी बोळ. ढीग ५ फूट उंच धरला तर १६०० घनफूट, म्हणजे साधारण २५ टन उन्हाळ कांदा.

काम: ढिगातलं तापमान, चाळीतली आणि बाहेरची हवा दर मिनिटाला नोंदवणे आणि तळाखालचा पंखा योग्य वेळी चालू-बंद करणे. साध्या चाळीत २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता राखावी अशी शिफारस आहे. आर्द्रता वर गेली की सड आणि काजळी (काळी बुरशी), फार खाली गेली की वजनात घट.

६ एप्रिल

सामान ठरलं. रास्पबेरी पाय ३ बी प्लस (छोटा संगणक बोर्ड, पुढे नुसता ‘पाय’), ३२ जीबीचं हाय एन्ड्युरन्स मेमरी कार्ड, डीएस३२३१ घड्याळ, हवेसाठी एक्सवाय-एमडी०२ जातीचे ५ मॉडबस सेन्सर (४ आत, १ बाहेर; मॉडबस म्हणजे एकाच तारेवरच्या अनेक सेन्सरशी पत्त्याने बोलायची पद्धत), ढिगासाठी स्टीलच्या नळीतले ६ डीएस१८बी२० तापमान सेन्सर, मॉडबसची तार पायला जोडणारं, ३.३ व्होल्टवर चालणारं आरएस-४८५ मॉड्यूल, १२ व्होल्टचा रिले (विजेवर चालणारा स्विच), १२ इंची एक्झॉस्ट पंखा, ४जी डोंगल, आयपी६५ पेटी, केबल ग्लँड.

आरएस-४८५ मॉड्यूल घेताना चिपचा क्रमांक वाचून घेतला. बाजारात जास्त करून मॅक्स४८५ ची मॉड्यूलं मिळतात. ती ५ व्होल्टची आहेत, त्यांची आरओ पिन (पायला माहिती देणारी) ५ व्होल्ट बाहेर काढते. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या पुढे सहन करत नाहीत. पहिल्या दिवशी चालेल, आणि मग एके दिवशी ती पिन कायमची जाईल. मॅक्स३४८५ हीच ३.३ व्होल्टची चिप, किमतीत फारसा फरक नाही.

हवेसाठी डीएचटी२२ टाळला. त्याचा स्वतःचा एकतारी प्रोटोकॉल वेळेवर फार अवलंबून आहे. लिनक्स मधेच दुसऱ्या कामाला गेलं की वाचन हुकतं, आणि १० मीटर तारेवर तर त्याची खात्रीच नाही. मॉडबसमध्ये प्रत्येक उत्तराबरोबर सीआरसी (चूक पकडणारा ताळा) येतो, त्यामुळे चुकीचा आकडा निदान चुकीचा म्हणून कळतो.

कार्ड वापरण्याआधी एफ३ या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण लिहून-वाचून पाहिलं. ३२ छापलेलं आणि आत ८ निघालेलं कार्ड सुरुवातीला अगदी नीट वागतं, ८ जीबी ओलांडल्यावर फाइली नासायला लागतात. तपासणीला तास-दीड तास जातो, तो द्यावाच.

१० एप्रिल

कार्डावर रास्पबेरी पाय ओएस लाइट, बुकवर्म, ६४ बिट. या आवृत्तीत कॉन्फिग.टीएक्सटी आणि सीएमडीलाइन.टीएक्सटी या फाइली बूटच्या खालच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेल्या आहेत. जुन्या सूचना पाळून बूट फोल्डरमध्येच बदल केला तर काहीच होत नाही, आणि दोष हार्डवेअरमध्ये शोधला जातो.

सिरियल पोर्टचं गणित पाय ३ वर थोडं वाकडं आहे. पूर्ण क्षमतेचा पीएल०११ यूआर्ट (सिरियल पोर्ट चालवणारा भाग) ब्लूटूथला दिलेला असतो आणि १४-१५ क्रमांकाच्या जीपीआयओवर (पायच्या जोडणीच्या पिनांवर) येतो तो मिनी यूआर्ट. त्याचा वेग कोअर क्लॉकला बांधलेला आणि पॅरिटीची (चूक तपासणाऱ्या बिटाची) सोय नाही. चाळीत ब्लूटूथचं काम नाही, म्हणून कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये यूआर्ट चालू करून ‘डिसेबल-बीटी’ ओव्हरले (हार्डवेअरची मांडणी बदलणारी ओळ) टाकला आणि ब्लूटूथची एचसीआययूआर्ट सेवा बंद केली. आता पीएल०११ पिनांवर आला, नाव टीटीवायएएमए०.

घड्याळाचं मॉड्यूल आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवर ६८ या हेक्स पत्त्यावर दिसलं. आय२सी-आरटीसी ओव्हरले टाकल्यावर त्याच जागी यूयू दिसतं, म्हणजे ड्रायव्हरने त्याचा ताबा घेतला. फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाकलं. ते राहिलं तर वीज गेल्यावर पाय शेवटच्या जतन केलेल्या वेळेपासून उठतो आणि नोंदींच्या वेळा मागे जातात. एक काळजी: या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारा डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर असतो. तो पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. साधा सीआर२०३२ घालून मॉड्यूल ५ व्होल्टवर चालवलं तर सेल फुगतो. इथे ते ३.३ व्होल्टवर आहे, तरी रेझिस्टर उचलून टाकला.

१४ एप्रिल

टेबलावर पाचही सेन्सर जोडले, एकही उत्तर देईना. कारणं दोन निघाली.

पहिलं, कारखान्यातून सगळ्यांचा पत्ता १ च येतो. पाच जण एकाच वेळी बोलतात. एकेक सेन्सर एकटा जोडून २५७ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये (हेक्स ०१०१) नवा पत्ता लिहिला, फंक्शन ६ (मॉडबसचा लिहिण्याचा आदेश) ने. सेन्सरची वीज काढून परत दिल्यावरच नवा पत्ता लागू झाला. प्रत्येकावर पक्क्या शाईने आकडा लिहून ठेवला.

दुसरं, सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये सिरियल कन्सोलचा उल्लेख राहून गेला होता. त्यामुळे बूट होताना कर्नलच्या ओळी आणि नंतर लॉगिनचा प्रश्न, सगळं बसवर (सेन्सरांच्या सामाईक तारेवर) ओतलं जात होतं. तो शब्द काढला, सिरियल-गेटी सेवा बंद केली.

वाचनासाठी पायथनचं मिनिमलमॉडबस. त्याची ठरलेली वाट पाहण्याची वेळ ०.०५ सेकंद आहे, ती या सेन्सरना अपुरी पडते. ०.३ केली. तापमान रजिस्टर १ मध्ये, आर्द्रता २ मध्ये, दोन्ही दहापट, फंक्शन ४ (वाचण्याचा आदेश). काही लायब्ऱ्या मोजणी १ पासून करतात आणि तारेवर एक कमी करून पाठवतात. तसं झालं तर तापमानाच्या जागी चूक आणि आर्द्रतेच्या जागी तापमान येतं. २९ अंश आणि २९ टक्के यांत आकड्यावरून फरक कळत नाही, म्हणून सेन्सरवर फुंकर मारून पाहावी. आर्द्रता झटकन चढते, तापमान हळू.

१७ एप्रिल

तारा चाळीच्या मापाच्या केल्या, ३० मीटर कॅट६, एका जोडीवर मॉडबसच्या ए-बी रेषा, दुसऱ्या जोडीवर १२ व्होल्ट. नियम म्हणून दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर (टर्मिनेशन) लावले आणि टेबलावर व्यवस्थित चालणारी बस दर दहा वाचनांत तीन-चार चुका द्यायला लागली. सीआरसी जुळेना, कधी उत्तराच्या आधी एक शून्य बाइट.

कारण मॉड्यूलच्या आत आहे. ही आपोआप दिशा बदलणारी मॉड्यूलं ‘०’ हे बिट जोराने पाठवतात, पण ‘१’ पाठवताना ड्रायव्हर बंद असतो आणि रेषा फक्त वर-खाली ओढणाऱ्या रेझिस्टरांच्या भरवशावर उभी असते. दोन १२० समांतर म्हणजे ६० ओहम. इतका भार आला की त्या रेझिस्टरांना ए आणि बी मध्ये लागणारा ०.२ व्होल्टचा फरक राखता येत नाही. ६८० ओहमची जोडी ३.३ व्होल्टवर धरली तर फरक येतो ३.३ × ६० ÷ १४२०, म्हणजे ०.१४ व्होल्ट. रिसीव्हरला ते ‘१’ आहे की ‘०’ हे सांगता येत नाही.

दोन्ही टोकांचे १२० काढले. १,००० वाचनांत एकही चूक नाही. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचं असतं आणि ३० मीटर तारेतून सिग्नल जायला ०.१५ मायक्रोसेकंद लागतो. परावर्तन बिटाच्या मध्यापर्यंत कधीच विरून जातं. टर्मिनेशन लांब तार आणि मोठा वेग यांसाठी आहे, इथे ते नुकसानच करतं.

२० एप्रिल

मिठाची कसोटी. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात बशीभर मीठ, त्यात थोडंच पाणी. ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे, वर पाणी तरंगता कामा नये. संपृक्त मिठावरच्या हवेची आर्द्रता २५ अंशाला ७५.३ टक्के असते आणि तापमानाने ती जवळपास हलत नाही. पाचही सेन्सर आत ठेवले, तारेची फट टेपने बंद, डबा घोंगडीत गुंडाळून १२ तास.

वाचनं: १ – ७६.१, २ – ७४.८, ३ – ७९.६, ४ – ७५.५, ५ – ७७.०. तिसरा ४ टक्क्यांहून जास्त वर. फरक रजिस्टर २६० मध्ये लिहिता येतो, पण दुरुस्ती सेन्सरमध्ये न ठेवता प्रोग्रामच्या फाइलमध्ये ठेवली. सेन्सर बदलला तर जुनी दुरुस्ती नव्याच्या माथी बसू नये, आणि कच्चा आकडाही नोंदीत राहतो.

पंख्याचा निर्णय आत-बाहेरच्या फरकावर व्हायचा आहे, म्हणून सेन्सर एकमेकांशी जुळणं महत्त्वाचं. कसोटी दर मोसमाच्या सुरुवातीला करायची.

४ मे

कांदा भरताना सेन्सर बसवले. डीएस१८बी२० बांबूच्या काठीला बांधून काठी ढिगात उभी: तळापासून १ फूट, मध्य, आणि वरच्या थराखाली ६ इंच. प्रत्येक पाखीत (एका बाजूच्या कप्प्यात) एक काठी. भरताना टोपल्या काठीवर रित्या होऊ नयेत म्हणून एक माणूस तिथे उभा ठेवला.

डीएस१८बी२० च्या एकतारी बसची मुख्य तार सलग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फांद्या १ मीटरच्या आत. पेटीपासून सहा स्वतंत्र तारा काढून चांदणी करायचा मोह होतो, पण प्रत्येक फांदीचं परावर्तन बाकीच्यांना त्रास देतं आणि सहातले दोन-तीन सेन्सर दिसेनासे होतात. पुल-अप (रेषा वर ओढणारा रेझिस्टर) ४.७ किलो-ओहमऐवजी २.२ किलो. सगळ्या तारा पीव्हीसी पाइपातून. चाळीत उंदीर असतातच.

९ मे

बोर्ड चार रात्रींत तीनदा बंद पडून उठला. वेळ प्रत्येक वेळी १२ वाजून ५ ते ७ मिनिटं.

जर्नलमध्ये (लिनक्सच्या स्वतःच्या नोंदवहीत) मागच्या बूटची नोंद पाहिली. शेवटच्या ओळीनंतर सेवा थांबल्याची एकही ओळ नाही, नोंद मधेच तुटलेली. प्रोग्राम किंवा कर्नलने स्वतःहून रीस्टार्ट केलं असतं तर थांबण्याचा क्रम दिसला असता. म्हणजे वीज. व्हीसीजेनसीएमडी या पायच्या आदेशाला गेट-थ्रॉटल्ड (वीज कमी पडली का) विचारलं, उत्तर हेक्स ५००००. या आकड्याचा अर्थ बिटांत आहे: ० क्रमांकाचं बिट म्हणजे आत्ता व्होल्टेज कमी आहे, १६ क्रमांकाचं म्हणजे बूट झाल्यापासून कधीतरी कमी झालं होतं, २ आणि १८ म्हणजे त्यामुळे वेग रोखला. ५०००० म्हणजे आत्ता ठीक, पण मधे खाली गेलं होतं. मर्यादा ४.६३ व्होल्ट.

रात्री १२:०५ ला दिवसाची फाइल एक्सझेड या प्रोग्रामने चारही कोअर वापरून दाबली (आकाराने लहान केली) जाते आणि लगेच डोंगलवरून पाठवली जाते. चारही कोअर पूर्ण आणि डोंगलचा ट्रान्समीटर चालू, दोन्ही एकाच वेळी.

मल्टीमीटर जीपीआयओच्या २ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवर लावला, तोच क्रम हाताने चालवला. शांत असताना ४.८८, फाइल दाबताना ४.५८, डोंगल पाठवायला लागल्यावर ४.३ च्या खाली आणि बोर्ड गेला. अडॅप्टरच्या तोंडाशी मात्र सतत ५.०.

मधे हरवलेलं व्होल्टेज तारेत आहे. साध्या फोनच्या केबलमध्ये वीजेच्या तारा बऱ्याचदा २८ गेजच्या असतात, मीटरला ०.२१ ओहम. जाऊन-येऊन १ मीटरच्या केबलचे ०.४२. १ अँपिअरला ०.४२ व्होल्ट जातात, दीड अँपिअरला ०.६३. अडॅप्टरवर ३ अँपिअर छापलेलं असलं तरी या तारेतून ते येणार नाही. मोठा अडॅप्टर आणून हा दोष सुटत नाही, तार बदलावी लागते.

१२ मे

वीजपुरवठा नव्याने. बॅटरी जोडायची सोय असलेला १३.८ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा), त्याला १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी, तिथून पेटीतच स्टेप-डाउन (व्होल्टेज खाली आणणारा) कन्व्हर्टर. त्याचं आउटपुट आधी बोर्ड न जोडता ५.१५ ला लावलं, मग १० ओहम १० वॉटचा रेझिस्टर लावून पुन्हा पाहिलं: ५.१०. कन्व्हर्टरवरचा स्क्रू कारखान्यातून कुठेही असू शकतो, १२ व्होल्टला असेल तर बोर्ड एका क्षणात जातो. स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब.

कन्व्हर्टर ते जीपीआयओ पिना, १५ सेंटिमीटर, २० गेजची तार. या वाटेने वीज दिली की बोर्डवरचा फ्यूज वाटेत येत नाही, म्हणून २.५ अँपिअरचा फ्यूज स्वतः घातला.

हिशेब: बोर्ड सरासरी अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट, कन्व्हर्टरचं नुकसान धरून १२ व्होल्टला पाव अँपिअर. सेन्सर धरून ०.३. बॅटरी निम्मीच वापरायची म्हटलं तरी साडेतीन अँपिअर-तास, म्हणजे ११ तासांच्या आसपास. रात्रभर लाइट गेली तरी नोंद तुटत नाही.

तीच कसोटी परत: सगळ्यात खाली ५.०४. गेट-थ्रॉटल्ड शून्य. फाइल दाबणं एकाच कोअरवर आणलं, पाठवणं १५ मिनिटांनी नंतर. गरज उरली नव्हती, पण दोन मोठे भार एकाच मिनिटाला ठेवायचं कारणही नाही.

१९ मे

रिले आणि पंखा. रिलेची कॉइल १२ व्होल्टवर, बोर्डच्या ५ व्होल्टवर नाही. कॉइल चालवायला आयआरएलझेड४४एन मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड.

पहिली जोडणी जीपीआयओ ५ वर केली आणि बोर्डला वीज देताच पंखा फिरू लागला, प्रोग्राम सुरू होईपर्यंत फिरत राहिला. रीसेट झाल्यावर ० ते ८ या पिना आतून वर ओढलेल्या असतात, ९ ते २७ खाली. मॉस्फेटच्या गेटला करंट लागतच नाही, त्यामुळे आतला कमकुवत पुल-अपसुद्धा त्याला पूर्ण चालू करतो. जीपीआयओ १७ वर हलवलं, गेट ते ग्राउंड १० किलो-ओहम. पावसाळी रात्री बोर्ड रीस्टार्ट झाला तर पंखा बंदच राहिला पाहिजे.

२ जून

नोंदीत अधूनमधून ८५.००० अंश. ढिगात ८५ अंश शक्य नाही, पण आकडा सीआरसी बरोबर असलेला, म्हणून गाळणीतून सुटत होता.

८५ हा डीएस१८बी२० चा वीज मिळाल्यावरचा मूळ आकडा. १२ बिटांचं मोजमाप ७५० मिलिसेकंद घेतं. त्या काळात सेन्सरची वीज क्षणभर गेली तर मोजमाप हरवतं आणि वाचायला गेल्यावर ८५ मिळतो. तार ढिली असेल असं धरून सगळे जोड पुन्हा सोल्डर केले. फरक पडला नाही. मग ८५ च्या वेळा आणि रिलेच्या वेळा शेजारी मांडल्या. २३ पैकी २१ वेळा पंखा त्याच सेकंदाला बंद झालेला.

पंख्याची मोटर तुटताना रिलेच्या संपर्कात ठिणगी पडते, आणि तिचा झटका शेजारून जाणाऱ्या लांब एकतारी केबलमध्ये उतरतो. केबल पंख्याच्या वायरीबरोबर त्याच पाइपातून ६ मीटर नेली होती. चूक तीच.

तीन गोष्टी केल्या. पंख्याची वायर वेगळ्या पाइपात, किमान १ फूट अंतरावर. मोटरच्या दोन टोकांवर स्नबर (झटका शोषणारी जोडी), १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ वर्गाचा कपॅसिटर. स्नबर रिलेच्या संपर्कांवर लावायची पद्धत आहे, पण मग पंखा ‘बंद’ असतानाही त्यातून ७ मिलिअँपिअर वाहतात. पंखा फिरत नाही, तरी दुरुस्तीला हात घालणाऱ्याला झटका बसतो. म्हणून मोटरवर. तिसरं, प्रत्येक काठीच्या जोडापाशी पुरवठ्यावर ०.१ मायक्रोफॅरड.

त्यानंतरच्या दहा दिवसांत एकही ८५ नाही (ही ओळ १२ जूनला भरली). तरी प्रोग्राममध्ये अट ठेवली: बरोबर ८५.००० आला तर टाकून एकदा परत वाचायचं.

१६ जून

पाऊस सुरू. पंख्याचा नियम आता बदलला नाही तर यंत्र कांद्याचं नुकसान करेल.

पहिला नियम होता: बाहेरची आर्द्रता आतल्यापेक्षा कमी असेल तर पंखा चालू. तो चुकीचा आहे. सापेक्ष आर्द्रता तापमानाबरोबर बदलते, दोन वेगळ्या तापमानांच्या हवांची टक्केवारी तशीच शेजारी ठेवता येत नाही. काल रात्री ११ ची नोंद: आत ३० अंश, ७२ टक्के. बाहेर २४ अंश, ८८ टक्के. जुन्या नियमाने पंखा बंद. दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) काढला तर आतला २४.४ आणि बाहेरचा २१.९. बाहेरच्या हवेत पाणी कमी आहे. तीच हवा ढिगात शिरून ३० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ६२ टक्क्यांवर येते. म्हणजे पंखा चालवायची उत्तम वेळ, आणि यंत्र गप्प बसलं होतं.

उलट प्रकारही होतो. पाऊस उघडून सकाळी ऊन पडलं की बाहेर २९ अंश आणि ८२ टक्के, दवबिंदू २५.६. रात्रभर थंड झालेला तळचा थर २५ अंशांवर. ही हवा आत ढकलली तर कांद्याच्या पत्तीवर थेट पाणी सुटतं. काजळीला तेच हवं असतं.

दवबिंदूचं सूत्र: आर्द्रता १०० ने भागून तिचा नैसर्गिक लॉग, त्यात १७.६२ गुणिले तापमान भागिले (२४३.१२ अधिक तापमान) मिळवायचं. आलेली संख्या ग. मग दवबिंदू = २४३.१२ × ग ÷ (१७.६२ − ग).

नवा नियम:
पंखा चालू, जर बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा किमान २ अंश खाली असेल, आणि ढिगातल्या सगळ्यात थंड सेन्सरपेक्षाही किमान २ अंश खाली असेल.
पंखा बंद, कोणताही फरक १ अंशाच्या आत आला की.
एकदा चालू झाला की १५ मिनिटं तरी. मात्र ढिगाची अट मोडली तर लगेच बंद.
बाहेरचा सेन्सर किंवा ढिगातले दोनहून जास्त सेन्सर ५ मिनिटं गप्प असतील तर पंखा बंद.

२ अंशांची मोकळीक हवेत सोडलेली नाही. आर्द्रतेतली ३ टक्क्यांची चूक या भागात दवबिंदू ०.६ अंशाने हलवते. आत आणि बाहेर दोन्ही सेन्सर विरुद्ध दिशांना चुकले तर १.२. मिठाची कसोटी केली नसती तर तिसऱ्या सेन्सरने एकट्यानेच ०.८ खाल्ले असते.

बाहेरच्या सेन्सरवर पावसाचं पाणी आणि ऊन, दोन्ही लागता कामा नये. पत्र्याखाली लावला होता, दुपारी पत्रा तापून ४ अंश जास्त दाखवत होता. उत्तरेच्या बाजूला, पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा एकावर एक अंतर ठेवून केलेल्या छपरात हलवला.

२३ जून

कार्ड वाचवण्यासाठी ओव्हरले फाइल सिस्टिम रास्पी-कॉन्फिगमधून चालू केली होती. कार्डावरचं सगळं फक्त वाचण्यापुरतं, बदल रॅममध्ये. नोंदी वेगळ्या पेन ड्राइव्हवर, ईएक्सटी४, एफएसटॅबमधून (कोणती डिस्क कुठे जोडायची, म्हणजे माउंट करायची, याची फाइल) डेटा या फोल्डरवर.

बॅटरी बदलण्यासाठी वीज काढली आणि परत दिल्यावर चार दिवसांच्या नोंदी गायब. चालू असताना फाइली दिसत होत्या, वाचता येत होत्या, पाठवल्याही जात होत्या. माउंटची यादी पाहिल्यावर उलगडा झाला: डेटा फोल्डरसुद्धा ओव्हरलेच दिसत होता. बुकवर्ममध्ये हे काम ओव्हरलेरूट करतं, आणि ते न सांगता एफएसटॅबमधल्या बाकीच्या माउंटांवरही पांघरूण घालतं. पेन ड्राइव्हवर एक अक्षर गेलं नव्हतं.

सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये ओव्हरलेरूट=टीएमपीएफएस याच्या पुढे अपूर्णविराम देऊन रीकर्स=० लिहिलं. आता मुळापुरतंच पांघरूण. पडताळा: फाइल लिहिली, थेट वीज खेचली, परत दिली, फाइल जागेवर. हा पडताळा ओव्हरले चालू केल्याच्या दिवशीच करायला हवा होता. चार दिवसांच्या नोंदींपैकी रात्री पाठवलेल्या फाइली दुसऱ्या टोकाला होत्या, त्यामुळे शेवटचे १४ तासच गेले.

एका दिवसाची नोंद साधारण १३० किलोबाइट, सहा महिन्यांची २५ मेगाबाइटच्या आत. ओळी रॅममध्ये जमवून दर ५ मिनिटांनी एकदा लिहायच्या आणि एफसिंक करायचं (लिहिलेलं खरोखर पेन ड्राइव्हवर उतरवायचं). प्रत्येक मिनिटाला एफसिंक केल्याने पेन ड्राइव्ह विनाकारण झिजतो.

३० जून

वॉचडॉग, म्हणजे काम अडकलं तर ते पुन्हा सुरू करणारी राखण. सिस्टमडीच्या (लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) मुख्य फाइलीत रनटाइमवॉचडॉगसेक १० सेकंद. पायच्या हार्डवेअर वॉचडॉगची मर्यादा १५ सेकंदांच्या जरा पुढे आहे, जास्त लिहिलं तर भरवसा नाही. हा वॉचडॉग कर्नल गोठल्यावर उपयोगी. नोंदीचा प्रोग्राम एकटा अडकला तर त्याला पत्ता लागत नाही. म्हणून प्रोग्रामच्या सेवेला वेगळा वॉचडॉगसेक १८० दिला आणि प्रत्येक पूर्ण फेरीनंतरच प्रोग्राम ‘जिवंत’ कळवतो, वेगळ्या थ्रेडमधून नाही. वेगळा थ्रेड मुख्य काम मेल्यावरही कळवत राहतो.

कसोटी: बसची तार उपसली – प्रोग्राम चुका नोंदवत चालू, पंखा बंद. प्रोग्रामला स्टॉप सिग्नल देऊन गोठवलं – तीन मिनिटांत नवा सुरू, पण त्या तीन मिनिटांत पंखा आधीच्या स्थितीत. सेवेच्या फाइलीत सुरू होण्यापूर्वी आणि थांबल्यानंतर पिन खाली ओढणारी ओळ घातली, आणि १८० चे ९० केले.

१४ जुलै

नव्या नियमाचा महिना. पंखा सरासरी रात्री ९ ते पहाटे ५ या वेळात चालला, सकाळी ८ ते ११ जवळजवळ कधीच नाही. संततधारेचे सहा दिवस एकदाही चालला नाही, आणि तेव्हा आतली आर्द्रता ७८ पर्यंत गेली. नियमात दोष नाही. बाहेर कोरडी हवाच नव्हती. अशा दिवसांसाठी पंख्याने काही होणार नाही, ढीग ५ ऐवजी ४ फूट ठेवणं हाच उपाय.

पूर्वेकडच्या पाखीत मधला सेन्सर ९ तारखेपासून शेजाऱ्यांपेक्षा १.५ ते २ अंश वर. आधी सेन्सरवर शंका घेतली. काठी वर ओढून तोच सेन्सर बोळात धरला, बाकीच्यांशी ०.२ च्या आत जुळला. म्हणजे आकडा खरा. त्या जागी २ फूट व्यासाचा भाग उकरला, मध्ये सडलेले कांदे, सुमारे दीड टोपली. आजूबाजूचा ओला कांदा बाजूला काढून जागा मोकळी ठेवली. काठी परत लावताना अर्धा फूट सरकवली.

प्रोग्राममध्ये इशारा जोडला: एकाच उंचीवरच्या दोन सेन्सरमधला फरक १.२ अंशांपेक्षा जास्त सलग १२ तास राहिला तर संदेश. दोन काठ्यांना ते अपुरं आहे. पुढच्या मोसमात पाखीला तीन काठ्या, म्हणजे १८ सेन्सर. एकतारी बसवर इतके चालतील, पण एकेक वाचायला ७५० मिलिसेकंद धरले तर फेरी १४ सेकंदांची होते. सगळ्यांना एकदम मोजायला सांगून मग वाचलं पाहिजे. कर्नलचा डब्ल्यू१-थर्म ड्रायव्हर थर्म-बल्क-रीडमधून ते करू देतो. टेबलावर सहा सेन्सरवर करून पाहिलं: साडेचार सेकंदांची फेरी सव्वा सेकंदावर आली.

२१ जुलै

पेटी उघडून पाहणी. ग्लँडच्या एका तारेवरून पाणी आत ओघळलेलं. तार पेटीत शिरण्याआधी खाली झोल देऊन वर घेतली, म्हणजे थेंब झोलावरून पडतो. सिलिकाची पुडी बदलली. पाचव्या सेन्सरच्या जाळीवर कांद्याच्या पत्तीचा भुगा, मऊ ब्रशने काढला. फुंकर मारायची नाही, ओल आत जाते. बॅटरी भार असताना १२.६. गेट-थ्रॉटल्ड शून्य. चालू वेळ २० दिवस ६ तास.